बॅगेची खुर्ची

माझ्या बॅगेला एका घरात स्वतःची खुर्ची होती. साधी लाकडी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, दारातून आत गेलं की उजव्या हाताला. दर 28 दिवसांनी मी त्या घरी जायचे, शूज दाराबाहेर काढायचे, बॅग खुर्चीवर ठेवायचे आणि मग बसायचे. असं दहा वर्षं. ती खुर्ची तिथे कशी आली ते आज सांगायचंय. (घर ओळखू येईल असे तपशील बदललेत, बाकी सगळं तसंच आहे.)

मी साताऱ्याकडची. वाईजवळचं गाव, कृष्णेच्या काठाला. नर्सिंग झाल्यावर दोन वर्षं जव्हार-मोखाड्याच्या बाजूला एका उपकेंद्रात काम केलं, तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, पालघर नंतर 2014 ला वेगळा झाला. मग लग्न, मग 2011 मध्ये न्यूझीलंड. बाहेरच्या देशातून आलेल्या नर्सेसना इथे एक कोर्स करावा लागायचा, त्यात औषधं, कायदे वगैरेसोबत दोन गोष्टी असायच्याच. एक म्हणजे ते तिरिती ओ वाइतांगी, 6 फेब्रुवारी 1840 ला ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे प्रमुख, यांच्यात झालेला करार. आणि दुसरी म्हणजे कल्चरल सेफ्टी. मी दोन्ही पाठ केलं. पार्टनरशिप, पार्टिसिपेशन, प्रोटेक्शन. पास झाले, सर्टिफिकेट आलं आणि मला वाटलं झालं, आपल्याला येतं हे.

2013 ला मी वाइकातो भागात घरोघरी जाणारी कम्युनिटी नर्स म्हणून लागले. नारुआवाहिया नावाचं गाव आहे, हॅमिल्टनपासून वीसेक किलोमीटरवर, तिथे वाइपा नदी वाइकातोला मिळते. संगमावरचं गाव, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं. तिथलं एक घर माझ्या लिस्टवर होतं. अकरा वर्षांचा मुलगा, रूमॅटिक फिव्हर होऊन गेलेला, हृदयाच्या झडपेला थोडी इजा. घशात स्ट्रेप जंतूचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढताना चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं, आणि दरवेळी नवा झटका आला की झडप आणखी खराब होते. तो येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं ते घट्ट, प्रचंड दुखणारं इंजेक्शन, दर 28 दिवसांनी, किमान दहा वर्षं किंवा एकवीस वर्षांचा होईपर्यंत. आपल्याकडे हेच इंजेक्शन बहुतेक ठिकाणी 21 दिवसांनी देतात, मोखाड्यात मी दिलेलं होतं. त्यामुळे हात बसलेला होता, भीती नव्हती.

फाइलवर दोनदा डीएनए असा शिक्का होता. डिड नॉट अटेंड, म्हणजे बोलावलं होतं, आले नाहीत.

मी गेले. शूज बाहेर काढले, ते आपल्याला सांगावं लागत नाही. आत गेले, बॅग डायनिंग टेबलवर ठेवली, लॅपटॉप उघडला, मुलाचं नाव, जन्मतारीख, कशाची अॅलर्जी आहे का, मागचे दोन डोस का चुकले, सगळं एका दमात विचारायला लागले. मुलाची आजी, तिला सगळे नॅन म्हणायचे, मीही पुढे नॅनच म्हणायला लागले, ती काही बोलली नाही. ती उठली, माझी बॅग दोन्ही हातांनी उचलली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यावर ठेवली आणि ओल्या फडक्याने टेबल पुसलं. रागाने नाही. अगदी हळू, पण मला दिसेल असं.

मला तेव्हा कळलंच नाही काय झालं. नंतर कळलं. माओरी रीतीत, म्हणजे तिकांगामध्ये, शरीराशी संबंधित गोष्टी आणि अन्न एकत्र येऊ द्यायचं नाही. सुया, वापरलेल्या सुयांचा डबा, रक्ताचे बोळे ज्या बॅगेत फिरतात ती बॅग जेवायच्या टेबलवर ठेवायची नाही, टेबलवर बसायचं नाही, उशीवर बसायचं नाही कारण उशी डोक्याची आणि डोकं तापू, म्हणजे पवित्र, त्याला न विचारता हात लावायचा नाही. मी मनातल्या मनात तापूचं भाषांतर "सोवळं" असं करून टाकलं आणि मोकळी झाले, पण ते चुकीचं होतं, हे माझं मलाच काही महिन्यांनी खटकलं. कारण आमच्याकडच्या सोवळ्याने वस्तू जेवढ्या बाजूला ठेवल्या त्याहून जास्त माणसं बाजूला ठेवली. आपल्या शब्दात दुसऱ्याची गोष्ट ओतताना आपल्या शब्दाचा डाग तिला लागतो. तेव्हापासून मी तापूला तापूच म्हणते.

तर टेबल पुसून झाल्यावर नॅनने चहा ठेवला. मी म्हणलं नको, मला पुढे चार घरं आहेत. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, तू कुठली? मी म्हणलं इंडिया. ती म्हणाली इंडिया मोठा आहे, तुझी माणसं कोण? नदी कुठली तुझी?

नोकरीच्या मुलाखतीत, व्हिसाच्या फॉर्मवर, कुठेच मला कुणी नदी विचारली नव्हती. मी कृष्णा म्हणाले. मग महाबळेश्वर, मग वाईचा घाट, घाटावर माझी आजी गोधड्या धुवायला जायची ते, आजीचं नाव, सगळंच सांगत बसले. नॅनने तिच्याकडचं सांगितलं, ताउपिरी डोंगर, वाइकातो नदी, कुठली हापू म्हणजे कुळ, कुठला मराए म्हणजे त्या कुळाची सभेची जागा, तिचं घर कुणाच्या जमिनीवर होतं आणि आता हे भाड्याचं घर. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. चाळीस मिनिटं गेली. इंजेक्शनला चार मिनिटं लागली, आणि मागच्या दोन डोसचं कारण न विचारता कळलं: क्लिनिकची वेळ सकाळी दहाची, मुलाची आई मीट फॅक्टरीत पहाटेच्या शिफ्टला, गाडी एकच आणि ती तिच्याकडे. आले नाहीत असं फाइल म्हणत होती. त्यांना येता येईल अशी वेळच आम्ही कधी दिली नव्हती.

याला एक शब्द आहे, फाकाफानाउंगातांगा. (माओरीत "डब्ल्यू-एच" चा उच्चार बहुतेक ठिकाणी फ होतो, म्हणून मी तसं लिहितेय, आणि फानाऊ म्हणजे कुटुंब, पण आपल्या भावकीसारखं पसरलेलं.) नातं जोडणं. पुढे आम्हाला ट्रेनिंगमध्ये हुई प्रोसेस शिकवली, क्राइस्टचर्चच्या माओरी डॉक्टर-संशोधकांनी 2011 मध्ये मांडलेली. मराएवर हुई, म्हणजे सभा, जशी होते तसं पेशंटशी बोलायचं. आधी मिही, स्वतःची ओळख आणि स्वागत, मग फाकाफानाउंगातांगा, मग काउपापा म्हणजे कामाचा विषय, आणि शेवटी पोरोपोरोआकी, नीट निरोप. मी त्या दिवशी तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली होती आणि नॅनने मला हाताला धरून पहिल्या पायरीवर आणलं.

पण मला जे खरं सांगायचंय ते याच्याही आधीचं आहे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला मोखाडा आठवला.

तिथल्या पाड्यांवर मी लसीकरणाला जायचे. वारली, कोकणा, कातकरी वस्त्या. बायका आपल्या आजीच्या वयाच्या, आणि मी बावीस वर्षांची, आणि मी त्यांना सरसकट "ए, तू" म्हणायचे. "तुला मागच्या वेळी सांगितलं होतं ना? का नाही आलीस? भगताकडे गेली असशील." माझ्या सिनियर सिस्टर तसंच बोलायच्या, सगळेच तसंच बोलायचे, आणि वाईच्या घाटावर भेटलेल्या त्याच वयाच्या बाईला मी कधीच तू म्हणलं नसतं, आजी म्हणलं असतं, अहो म्हणलं असतं. फरक कशाचा होता ते मला माहीत होतं, फक्त मी ते कधी नाव देऊन स्वतःला सांगितलं नव्हतं. मराठीत निदान ते क्रियापदात ऐकू येतं. इंग्रजीत "यू" सगळ्यांना सारखंच, त्यामुळे मला वाटत होतं मी नॅनशी आदराने बोलतेय. पण तो "ए, तू" माझ्या बॅगेत होता, लॅपटॉपमध्ये होता, "का चुकले" या प्रश्नात होता, आणि तिने तो ऐकला. ज्यांना पिढ्यानपिढ्या तसं बोललं गेलंय त्यांना तो कुठल्याही भाषेत ऐकू येतो.

पाठ केलेली कल्चरल सेफ्टी मला त्यानंतर पहिल्यांदा समजली. ही कल्पना इथल्या माओरी नर्सेसची. 1988 मध्ये क्राइस्टचर्चला एका हुईमध्ये एका माओरी नर्सिंग विद्यार्थिनीने विचारलं की तुम्ही कायदेशीर सुरक्षितता, नैतिक सुरक्षितता, क्लिनिकल सुरक्षितता सगळं बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या नर्सने त्यातून पूर्ण विचार उभा केला, माओरीत त्याला कावा फाकारुरुहाऊ म्हणतात, आणि 1992 पासून तो इथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आला. पेपरात झोड उठली, नर्सेसना राजकारण शिकवताय म्हणून, संसदेच्या समितीपर्यंत गेलं. बाई मागे हटल्या नाहीत. 2003 ला त्या गेल्या.

लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, की याचा अर्थ माओरींच्या चालीरीती शिकणं. रॅम्सडेनचं म्हणणं उलट होतं. नर्सने आधी स्वतःकडे बघायचं, आपण कुठून आलो, आपल्या हातात कसली सत्ता आहे, आपण काय गृहीत धरतो. आणि आपली सेवा सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, ते समोरच्याने ठरवायचं. त्या घरात ते नॅन ठरवणार होती, आणि तिने पहिल्या दहा मिनिटांत निकाल दिला होता, फडक्याने.

आता घराबद्दल. त्या घराच्या मुलांच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी होती, हिवाळ्यात खिडक्यांतून पाणी ओघळायचं, एका खोलीत चार मुलं झोपायची कारण तीच एक खोली हीटरने गरम होत होती. घशाचा जंतू असाच पसरतो. या देशात रूमॅटिक फिव्हर जवळजवळ फक्त माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या मुलांना होतो, पाकेहा म्हणजे गोऱ्या मुलांमध्ये तो जवळपास संपलाय. आणि हे लोक ओलसर भाड्याच्या घरात का, तर जुलै 1863 मध्ये ब्रिटिश फौजा वाइकातोत घुसल्या आणि नंतर सुमारे 12 लाख एकर जमीन जप्त झाली. राउपातू म्हणतात त्याला. सरकारने माफी मागितली 1995 मध्ये, 17 कोटी डॉलर्सची भरपाई ठरली. नॅन एकदा म्हणाली होती की नातवाच्या हृदयाची फाइल 1863 पासून सुरू होते, डॉक्टर मात्र घशापासून सुरू करतात.

नारुआवाहियाचाच मराए आहे तुरांगावाएवाए, म्हणजे उभं राहायची जागा. वाइकातोच्या माओरी नेत्या ते पुईया हेरांगी यांनी 1921 पासून तो उभा केला. त्याआधी 1913 ला देवीची साथ आली तेव्हा या बाईने झावळ्यांच्या झोपड्या बांधून तिथे आजारी लोकांची शुश्रूषा केली, आणि 1918 च्या फ्लूमध्ये त्यांच्या वस्तीतली चौथाई माणसं गेल्यावर शंभरेक पोरकी मुलं पदराखाली घेतली. मला हे वाचून लगेच सावित्रीबाई आठवल्या, 1897 चा प्लेग, यशवंतरावांचा पुण्याबाहेरचा दवाखाना, आणि रुग्ण आणता आणता स्वतः गेलेल्या त्या. आणि त्याच वर्षी त्याच पुण्यात रँडचे सोल्जर बूट घालून देवघरात शिरत होते, तेही आरोग्याच्याच नावाखाली. घरात शिरायची ही दोन्ही उदाहरणं एकाच साथीतली, एकाच शहरातली आहेत. आम्हाला नर्सिंगच्या तीन वर्षांत यातलं एकही कुणी शिकवलं नाही याचं मला आता फार वाईट वाटतं.

भगताचंही सांगायचं राहिलं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मुलाच्या गुडघ्यावर मला पानं बांधलेली दिसली. हृदयाच्या आकाराची, किड्यांनी भोकं पाडलेली. कावाकावा. नॅन थोडी सावध झाली, मी काय बोलते म्हणून. मी पान हातात घेऊन वास घेतला, आणि काय सांगू, विड्याचं पान! अगदी तेच नाही, पण त्याच कुळातलं, नागवेलीची लांबची बहीण म्हणा. मी सांगितलं की आमच्याकडे बाळाच्या छातीत कफ झाला की विड्याच्या पानाला एरंडेल लावून, गरम करून छातीवर ठेवतात. नॅन हसली, म्हणाली की भोकं असलेली पानंच घ्यायची, किडा सगळ्यात औषधी पान बरोबर ओळखतो. 1907 मध्ये इथे तोहुंगा सप्रेशन अॅक्ट नावाचा कायदा आला होता, पारंपरिक वैद्यांवर बंदी घालणारा, तो 1962 पर्यंत होता. म्हणजे नॅनच्या लहानपणी तिच्या आजीचं औषध बेकायदेशीर होतं. ती सावध का झाली ते मला त्या दिवशी कळलं, आणि मोखाड्यातल्या बायका मला पाहून पदराखाली बाळाच्या गळ्यातली मुळी का लपवायच्या तेही. इंजेक्शन चालूच राहिलं, पानंही राहिली. दोन्हीचं भांडण लावायची काही गरज नव्हती.

ऑफिसमध्ये बदल व्हायला जास्त वर्षं लागली, आणि सगळे झाले असं नाही. आमच्यासोबत एक माओरी काइआफिना होती, म्हणजे कम्युनिटीतली मदतनीस आरोग्यसेविका. आम्ही नर्सेस तिला बरेच दिवस दार उघडून घ्यायला वापरायचो. घरात शिरवायला ती, आत निर्णय आमचे. मीटिंगच्या सुरुवातीला कराकिया म्हणजे प्रार्थना तीच म्हणणार, कुणी पाहुणे आले तर स्वागत तीच करणार, कुणाला ईमेलमध्ये माओरी वाक्य हवं असेल तर तिलाच विचारणार, आणि पगार सगळ्यात कमी तिचा. एका मीटिंगमध्ये ती म्हणाली की मी इथे दोन नोकऱ्या करते आणि पैसे एकीचेच मिळतात. खोलीत सगळे गप्प. मग हळूहळू काही गोष्टी फिरल्या. भेटीची वेळ कुटुंबाने ठरवायची. डीएनए लिहिणं बंद, त्याऐवजी आम्ही काय प्रयत्न केला ते लिहायचं. पहिल्या भेटीत पुढे ती, मी मागे. आणि बजेट बनतं त्या मीटिंगला तिला खुर्ची, मताचा अधिकार असलेली. माझ्या मते बायकल्चरल, म्हणजे दोन्ही संस्कृतींना बरोबरीची जागा देणारं, काम ओळखायची जागा ही शेवटचीच आहे. "किया ओरा" (म्हणजे नमस्कार) सगळेच म्हणायला लागलेत, पैसा कुठे जाणार हे कोण ठरवतं ते बघा. देशाच्या पातळीवरही हेच चाललंय. 2019 मध्ये तिरितीच्या भंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी ट्रिब्युनलने प्राथमिक आरोग्यसेवेत तिरितीचा भंग झाला असं स्पष्ट म्हणलं, 1 जुलै 2022 ला ते आका फाई ओरा ही स्वतंत्र माओरी आरोग्य संस्था सुरू झाली आणि 30 जून 2024 ला बंदही केली गेली. दोन वर्षं. माओरींचं सरासरी आयुर्मान बाकीच्यांपेक्षा साधारण सात वर्षांनी कमी आहे, आणि ते भरून काढायला दोन वर्षं दिली. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आपल्या लोकांबद्दलही लिहिते, कारण हा लेख तेच वाचणार. गणपतीला, दिवाळीला मराठी मंडळी जमतात तेव्हा दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "घर तिकडे नको घेऊ, तिकडे माओरी वस्ती आहे." वस्ती हा शब्द आपण कसा उच्चारतो ते एकदा नीट ऐका, तो आपण विमानातून सोबत आणलाय. आणि दुसरं, "आता एवढे सगळे देश इथे आहेत, मग मल्टिकल्चरल म्हणा ना, बायकल्चरल का?" मी आता यावर न चिडता उत्तर देते. करार दोघांमध्ये झाला. एक बाजू माओरींची, दुसरी राजसत्तेची, आणि आपल्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का त्या दुसऱ्या बाजूने मारलाय. म्हणजे आपण तिसरीकडे कुठे उभे नाही. इथे राहायचा आपला हक्क त्या करारातूनच येतो, म्हणून तो पाळायची जबाबदारीही येते. अशा लोकांना तांगाता तिरिती म्हणतात, तिरितीची माणसं. मला हे नाव ओझं वाटत नाही, उलट इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला नीट जागा दिली असं वाटतं.

नॅन 2019 मध्ये गेली. तांगी, म्हणजे अंत्यविधी, मराएवर, तीन दिवस, तिला एक क्षणही एकटं ठेवलं नाही. नेमकी इंजेक्शनची तारीख दुसऱ्या दिवशी होती. पूर्वीची मी असते तर फोन करून तारीख सांगितली असती. मी काइआफिनाला विचारलं, तिने मुलाच्या आईला विचारलं, आणि त्यांनी ठरवलं: माती झाल्यावर, हाकारी म्हणजे सगळ्यांचं जेवण झालं की, मराएशेजारच्या मावशीच्या घरी. एक दिवस उशीर झाला, चाललं. मी कोहा म्हणजे भेट घेऊन गेले, बायकांबरोबर स्वयंपाकघरात बटाटे सोलले, ताटं पुसली (ताटांचं फडकं वेगळं धुवायचं, ते तोपर्यंत मला कुणी सांगावं लागत नव्हतं). रडलेही. मावशीच्या घरी गेले तर दाराशेजारी खुर्ची होती. तीच, पुठ्ठ्याची घडी घातलेली. कुणीतरी गाडीतून आणली होती.

मुलगा एकवीसचा झाला 2023 मध्ये. हिशेब केला तर एकशे तीसच्या आसपास इंजेक्शनं, मधले काही मी रजेवर असतानाचे सोडले तर सगळी माझ्या हातची. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप स्थिर होती. शेवटचं इंजेक्शन दिलं, चहा झाला, त्याने छोटीशी कराकिया म्हणली, मी माझ्या मोडक्या ते रेओमध्ये, म्हणजे माओरी भाषेत, आभार मानले आणि मग मराठीत मानले, कारण त्याला आता कृष्णा कुठे आहे ते नकाशात माहीत आहे. पोरोपोरोआकी, नीट निरोप.

घरात खोकी भरलेली होती. तो आणि त्याची पार्टनर हॅमिल्टनला फ्लॅटमध्ये शिफ्ट होत होते, तिला सातवा महिना होता. बाहेर ट्रेलर उभा, अर्धा भरलेला. मी बॅग उचलली तशी त्याने खुर्ची उचलली, उलटी करून ट्रेलरवर चढवली, पुठ्ठ्याची घडी खाली पडली ती उचलून खिशात ठेवली. मी म्हणलं, अरे ही कशाला, एक पाय लंगडा आहे तिचा.

तो म्हणाला, बाळासाठी नर्स येईल ना आता. तिला बॅग ठेवायला लागेल.